ग्रीनकार्डाचा अर्ज करण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर विषय दर वेळी अर्धवट राहतो, म्हणून लिहूनच पाठवते. तुमच्या ग्रीनकार्डाचा, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज मी अजून भरलेला नाही. आधी हे दोघांनी वाचा.

अर्ज एक नाही, दोन. अमेरिकेचं नागरिकत्व असलेल्या मुलीने आईसाठी वेगळा आणि वडिलांसाठी वेगळा आय-१३०, म्हणजे नातं दाखवणारा अर्ज, भरायचा असतो, ऑनलाइन प्रत्येकी ६२५ डॉलर. दादाला तुमच्या अर्जात घालता येत नाही. भावंडांची रांग निराळी आहे आणि भारतीयांना तिथे दीड दशकाहून जास्त थांबावं लागतं. आई-वडिलांना मात्र वर्षाला ठरावीकच व्हिसा अशी कोट्याची रांग नाही. वेळ जातो तो फाईल तपासण्यात, मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळण्यात, आणि सगळ्यात जास्त आपल्याच कागदांत.

आपली खरी अडचण नावांची आहे. आई, तुझ्या शाळेच्या दाखल्यावर कुसुम आहे, माहेरचं आडनाव आहे. लग्नात नाव बदलून माधवी झालं, तेच पासपोर्टवर आणि माझ्या जन्मदाखल्यावर. अमेरिकी अधिकाऱ्याला ताटातल्या तांदळात नाव लिहायची पद्धत कुठून माहीत असणार? त्याच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. त्यामुळे दोन्ही नावं जोडणारा कागद हवा. तुमच्या लग्नाची नोंदणी झालेली नाही. ती आता महापालिकेच्या विभाग कार्यालयात करून घ्या. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो आणि तीन साक्षीदार लागतील. बाबांच्या अर्जाला तर हे प्रमाणपत्र लागतंच, कारण वडिलांचं नातं सिद्ध करताना आई-वडिलांच्या लग्नाचा पुरावा मागतात. सोबत ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घे. माझंही लग्नानंतर आडनाव बदललंय, तो दाखला मी इथून जोडते.

बाबा, तुमचा जन्मदाखला नाही याची काळजी नको. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, त्याआधी जन्मलेल्या कितीतरी लोकांकडे तो नसतो. ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा लेखी दाखला घ्या. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन प्रतिज्ञापत्रं जोडायची. ती तुमच्याहून वयाने मोठ्या नातेवाइकांची हवीत. मोठ्या आत्या आहेत तोवर त्यांचं करून घ्या. त्यात जन्माची तारीख, गाव, आजी-आजोबांची पूर्ण नावं आणि हे आपल्याला कसं माहीत, एवढं आलंच पाहिजे. एक सावधगिरी: गुरुजींनी शाळेत घालताना सर्रास लावलेली १ जूनच तुमच्या पासपोर्टवर आहे. जुन्या वहीत खरी नोंद सापडली आणि तारीख वेगळी निघाली, तर काहीही पुढे करण्याआधी मला फोन करा.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून, ५०० रुपये. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडेच, आणि ती मुलाखतीच्या तोंडावर करायची. फार आधी केली तर व्हिसाची मुदतही तेवढीच आखूड मिळते. बाबांच्या छातीच्या फोटोत जुना डाग दिसेल. क्षयाची शंका आली की तीन दिवस ओळीने थुंकीचे नमुने घेतात आणि कल्चरचा, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, निकाल यायला आठ आठवडे लागतात. आधीच्या एक्स-रे प्लेट्स आणि औषधांचे कागद सोबत न्या. तरी तपासणी टळेलच असं नाही, म्हणून तिकीट व्हिसा हातात आल्यावरच काढू.

माझ्या बाजूने तुमच्या खर्चाचं हमीपत्र, आय-८६४. तुम्ही दोघं धरून आपण इथे सहा जण, आणि २०२५ च्या आकड्यांनुसार सहा जणांच्या घराला वर्षाला सुमारे ५४ हजार डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. ते जमतं.

न जमणारी गोष्ट औषधपाण्याची. पासष्टी ओलांडली तरी मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घेण्यासाठी आधी सलग पाच वर्षं इथे राहावं लागतं. तोवर खासगी विमा, आणि तो आल्यापासून ६० दिवसांत घ्यावा लागतो. प्रवासाच्या विम्यावर भागणार नाही, त्यात मधुमेहासारखे जुने आजार बहुधा धरत नाहीत.

बँकेचंही तसंच. इथे स्थायिक झालात की भारतातली साधी खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची खाती, करावी लागतात. तिथल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली, तर ती इथल्या सरकारला कळवायची. दादाबरोबरचं जोडखातंही यात धरायचं. पेन्शन, व्याज आणि भाडं इथल्या कर-विवरणात दाखवायचं. भारताचं नागरिकत्व मात्र जात नाही.

आता मुद्द्याचं. ग्रीनकार्ड इथे राहणाऱ्यासाठी असतं. सहा महिने बाहेर राहिलं की विमानतळावर प्रश्न सुरू होतात, आणि वर्षाहून जास्त राहायचं तर आधीच, इथे असतानाच, पुनर्प्रवेश परवान्याचा अर्ज करावा लागतो. गणपती झाल्यावर इथे येऊन शिमग्याला घरी परतायचं असेल तर तुमचा दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा बरा. त्यावर एका वेळी साधारण सहा महिने मिळतात. पण एकदा आय-१३० भरला की पर्यटक म्हणून येतानाही ‘परत जाणार ना?’ हा प्रश्न कडक होतो. म्हणूनच मी थांबले आहे. माझं मत विचाराल तर यंदा अर्ज नको, पण कागद मात्र यंदाच जमवा.

बाबा, ग्रामपंचायतीत पुढच्या आठवड्यात जाऊन या. आई, शाळेचा दाखला लोखंडी ट्रंकेत लग्नाच्या अल्बमखाली आहे. त्याचा मागून-पुढून फोटो पाठव. मूळ कागद कुरिअरने पाठवू नका.

तुमची,
मनू