केळशीच्या पुळणीवर गाडी नको

मा. संपादक,
सादर नमस्कार.

शाळांच्या परीक्षा आटोपल्या आणि पारा चाळिशीच्या वर गेला की सोलापुरातून कोकणाकडं गाड्या निघायला लागतात. यंदाही निघतील, आणि निघावंच. लेकरांनी समुद्र बघितलाच पाहिजे. फक्त निघणाऱ्यांना माझी हात जोडून एक विनंती आहे. गाडी पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर, उतरवू नका, आणि नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी पाण्यात शिरू नका.

मी कोकणातला नाही. जन्म मंगळवेढ्याकडचा, काळ्या रानातला. नोकरी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून उजनीच्या कालव्यांवर झाली. पाणी कसं ओढतं आणि वाळू कुठं जाते, एवढं मात्र त्या नोकरीनं शिकवलं. यंदा फाल्गुनात, शिमग्याच्या आधी, मी आणि सौ. दापोली तालुक्यातल्या केळशीला जाऊन आलो. तिथं जे पाहिलं ते आपल्या जिल्ह्यातल्या लोकांच्या कानावर घालावं, म्हणून हे पत्र.

पंढरपूर, कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण-खेडवरून दापोली गाठायची आणि मग आंजर्ले, आडे, पाडले असं किनाऱ्यानं वर जायचं. रस्ता लांबचा आहे, शेवटचा टप्पा अरुंद आणि वळणांचा आहे. म्हणूनच बहुतेक लोक हर्णै-मुरुडलाच थांबतात आणि केळशीपर्यंत फार कमी जण पोचतात. गाव नारळी-पोफळीत बुडालेलं. महालक्ष्मीचं देऊळ आहे, याकूबबाबांचा दर्गा आहे. आम्ही एका घरी उतरलो होतो. त्यांच्या वाडीतून, मग सुरूच्या बनातून चालत गेलं की एकदम समोर पुळण उघडते.

सकाळी आम्ही दोघंच होतो. एका टोकाला उटंबरचा डोंगर, दुसऱ्या टोकाला भारजा नदीचं मुख, आणि मधे नुसती वाळू. ना घोडागाडी, ना भेळवाला, ना स्पीकर. ओहोटीनं नुकत्याच सोडलेल्या ओल्या वाळूवर जोंधळ्याएवढ्या वाळूच्या गोळ्या पसरलेल्या होत्या, हजारोंनी, प्रत्येक बिळाभोवती फाकलेल्या. आम्ही चार पावलं मागं सरून उकिडवे बसलो आणि गप्प राहिलो. थोड्या वेळानं नखाएवढे खेकडे बाहेर आले. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडाशी नेत होते, त्यातलं खाण्याजोगं घेऊन उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवत होते, की लगेच पुढची. पुढची भरती आली की सगळ्या गोळ्या पुसून जातात आणि ओहोटीला परत पहिल्यापासून काम सुरू होतं. सौ. तिथून उठायला तयार नव्हती. वरच्या कोरड्या वाळूत मर्यादवेल पसरलेली होती, तिची जांभळी फुलं उघडलेली. तिच्या मुळांनी ती वाळू जागेवर बांधून ठेवलेली असते, एरवी वारा ती केव्हाच उचलून नेईल.

मग चालत नदीच्या मुखाशी गेलो. आम्हा सोलापूरकरांना नदी माहीत आहे, पण नदी संपताना बघायला मिळत नाही. भीमा उगवते भीमाशंकरला. तिथून हा समुद्र सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर असेल नसेल. पण ती पाठ फिरवून पूर्वेला वळते, 861 किलोमीटर चालून रायचूरकडं कृष्णेला मिळते आणि पाणी जातं बंगालच्या उपसागरात. भारजेसारख्या कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीच्या नाहीतर त्याच्या फाट्याच्या उतारावरून निघाल्या की थोड्याच वेळात खाडी होतात. पावसाळ्यात त्या गाळ-वाळू घेऊन जोरात येतात, समोरून लाटा तीच वाळू मागं लोटतात, आणि या रेटारेटीतून तोंडाशी वाळूचा एक दांडा तयार होतो. तो दर वर्षी थोडा हलतो. कधी लांबतो, कधी मधेच फुटतो. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू आत ओढून नेतात, दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की ती परत आणून टाकतात. आमच्या यजमानांचे वडील ऐंशीच्या घरातले. ते म्हणाले, "मी लहान असताना मुख इथं नव्हतं, पलीकडे होतं." नकाशात दाखवतात तशी ती जागा पक्की नसते.

त्याच आजोबांनी मला भरतीचा हिशेब शिकवला. आदल्या रात्री मी विचारलं, उद्या पाणी केव्हा भरेल? ते म्हणाले, "उद्या एकादशी ना? तिथीची पाऊणपट करायची. अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठ आणि रात्री सव्वाआठ. थोडं मागंपुढं होतं." पौर्णिमेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढं सरकते, म्हणून हे गणित जमतं. पंढरपूरच्या जिल्ह्यातल्या माणसाला तिथी सांगावी लागत नाही, एकादशी तर नाहीच नाही. हे गणित सोलापूरच्या प्रत्येक घरात पाठ होण्यासारखं आहे, आणि त्यानं जीव वाचू शकतो.

कसा ते सांगतो. भरतीला समुद्राचं पाणी खाडीत कितीतरी आतपर्यंत चढतं. ओहोटी लागली की ते सगळं, वर नदीचं पाणी धरून, त्या अरुंद तोंडातून बाहेर पडतं. रुंदी घटली की वेग वाढतो, हे कालव्याच्या गेटवर काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. वरून पाणी संथ दिसतं, गुडघाभर दिसतं, पण तळाशी ओढ असते आणि पायाखालची वाळू सरकत असते. दांड्याची कड पाण्याखाली एकदम तुटलेली असते, एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्या पावलावर पुरुषभर. आपल्याकडची पोरं विहिरीत, कालव्यात पोहायला शिकलेली असतात. त्यांना वाटतं, आपल्याला येतं. पण समुद्राकडं वाहून नेणाऱ्या पाण्याशी त्यांची कधी गाठच पडलेली नसते. म्हणून भरती भरल्यावर पुढचे सहा तास मुखाशी पाण्यात उतरू नये. खरं तर लेकरांना घेऊन मुखाशी कधीच उतरू नये. खेळायचं तर लांब, पुळणीच्या मध्यावर, आणि तेही गावातल्या माणसाला विचारून.

त्याच एकादशीला दुपार उतरताना सुरूच्या बनातून एक गाडी आली आणि थेट वाळूवर उतरली. एमएच 13, म्हणजे आपल्याच जिल्ह्याची. तरुण पोरं होती, चांगल्या घरची, हसतखेळत. ओल्या घट्ट वाळूवर गाडी छान पळते, म्हणून त्यांनी ती पाण्याच्या कडेनं पळवली, गोल फिरवली, मोबाईलवर चित्रण केलं. मग नदीच्या बाजूला गेले. तिथली वाळू वरून घट्ट आणि आतून भुसभुशीत. पुढची चाकं रुतली. जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी गाडी खाली गेली, पार पोटावर टेकली. मी सोलापूरचा म्हटल्यावर एकजण पळत आला, "काका, जरा धक्का द्या की." आम्ही धक्के दिले, चाकाखाली नारळाच्या झावळ्या घातल्या, काही उपयोग झाला नाही. दुपारी दोनच्या सुमाराला पाणी तळाला गेलेलं, तेव्हापासून ते चढत होतं. सव्वाआठला ते कुठवर येणार हे मला माहीत होतं, त्या पोरांना माहीत नव्हतं. गावातून ट्रॅक्टर आला, दोर लावला, आणि मागच्या चाकांना पाणी लागत असताना गाडी निघाली. ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी एक शब्दही रागाचा काढला नाही. मी मात्र मान खाली घालून उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं. भरतीच्या रेषेखालच्या चाकोऱ्या पुसल्या होत्या. रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, त्या तशाच होत्या, वीतभर खोल. मर्यादवेल मुळासकट उलथलेली. थोड्या अंतरावर जाळीचं कुंपण होतं, ज्यात वन खातं आणि गावातली कासवमित्र मंडळी कासवाची अंडी जपतात. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री याच वरच्या वाळूत येते, दीडएक फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूनं बुजवते आणि निघून जाते. 45 ते 60 दिवसांनी पिल्लं निघतात, दोन बोटांएवढी. सगळीच घरटी वेळेत सापडून कुंपणात येतात असं नाही. जी राहून जातात त्यांच्यावरून चाक गेलं तर कुणाला कळतही नाही. आणि जी पिल्लं बाहेर पडतात, त्यांना त्या वीतभर चाकोरीतून वर येता येत नाही. चाकोरीतच चालत राहतात, तोवर ऊन वाढतं आणि कावळे येतात. शेजारच्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन हे काम उभं केलं आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांनी ते उचललं. आपण एका संध्याकाळच्या मौजेसाठी त्यावर चाक फिरवायचं का?

त्याच मुखाजवळ वाळूची एक उंच टेकडी आहे. पुलाच्या रस्त्यासाठी ती कापली गेली तेव्हा आतले थर उघडे पडले. खापरं, कोळसा, हाडं. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी त्या थरांचा अभ्यास करून सोळाव्या शतकात इथं त्सुनामी आली असावी असं मांडलं. 1524 साली दाभोळजवळ वास्को द गामाच्या ताफ्याला भर समुद्रात हादरे बसल्याची नोंद आहे, तिच्याशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. त्यावर अभ्यासकांत अजून चर्चा चालते. पण शेकडो वर्षांचा दस्तऐवज वाळूत लिहिलेला असतो आणि एका यंत्राच्या फाळानं तो जातो, एवढं मला ती टेकडी बघून कळलं. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. कागदावर आहेत. जागेवर मला त्याचा एकही फलक दिसला नाही.

मला हे इतकं का लागतं? आम्ही आमची वाळू घालवून बसलोय म्हणून. भिमेच्या पात्रात पूर्वी वाळू होती. तिच्यात पाणी धरलेलं असायचं, काठच्या विहिरी उन्हाळ्यातही टिकायच्या. 1980 साली उजनी पूर्ण झालं, त्यानं जिल्हा तारला, ते नाकारणारा मी कोण, माझी भाकरी त्यावर झाली. पण 117 टीएमसीचं धरण वरून येणारी नवी वाळू अडवतं, आणि खालची जुनी वाळू रातोरात ट्रकांतून गेली. आता कितीतरी ठिकाणी खडक उघडा पडलाय आणि पात्रात वेडी बाभूळ माजलीय. पंढरपूरच्या वाळवंटात उपशाच्या खड्ड्यात बुडून भाविक गेल्याच्या बातम्या आपल्याच अंकात वाचत आलोय. भारजेच्या तोंडाशी नदी आणि समुद्र मिळून आजही वाळू आणून टाकतात, कुणी न सांगता. ती तशीच राहावी.

रत्नागिरी जिल्हा प्रशासनाला आणि तिथल्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की बनातून पुळणीवर येणाऱ्या प्रत्येक वाटेवर दगड किंवा खांब रोवून चारचाकीला वाट बंद करावी, होडी आणि बैलगाडीपुरती मोकळीक ठेवून. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेली तर गुन्हा दाखल होतो, इथंही व्हावा. मुखाजवळ मोठ्या अक्षरांत मराठीत फलक हवा, त्यावर पाऊणपटीचं गणित आणि बुडण्याचा धोका दोन्ही असावं. आणि सुशोभीकरणाच्या नावाखाली तिथं सिमेंटचा कट्टा आणि दिव्यांची रांग आणू नये. पिल्लं रात्री उजेडाच्या दिशेनं जातात, समुद्रावरचा मंद उजेड हीच त्यांची खूण. पाठीमागं दिवे लागले की ती गावाकडं वळतात.

सोलापूरच्या माणसांना एवढंच सांगतो, गाडी गावात लावा, गावकरी जागा दाखवतात. दहा मिनिटं चालावं लागतं, सुरूची सावली आहे. शिमग्यानंतर ऊन तिथंही कडक असतं, तेव्हा सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. प्लास्टिक परत आणा, शेंगाचटणीची पिशवीसुद्धा.

आणि संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. सुट्टीच्या पुरवणीत कोकणच्या सहलीचा मजकूर छापाल, तेव्हा त्याच पानावर पाऊणपटीचा हिशेब आणि त्या महिन्याच्या उधाणाच्या तारखा चौकटीत द्याव्यात. पंचांग आपण रोज छापताच, त्याच्याच शेजारी ते बसेल.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
निवृत्त कालवा निरीक्षक, जुळे सोलापूर