साकवाचा गंज कुठे टाकायचा?

महाड,
१४ जुलै

प्रिय नंद्या,

'स. न. वि. वि.' लिहिणार होतो, पण तुला नमस्कार करायला हात धजेना. चार दिवस झाले, पाऊस उसंत घेत नाहीये. लाइट आहे तोवर लिहून घेतो.

परवा फोनवर तू विचारलंस, "रिटायर होऊन गावच्या पोरांना काय शिकवतोस, भूमिती?" मी हसून सोडून दिलं, कारण मागे प्रेशर कुकर ओरडत होता. आता नीट सांगतो. मी नववीच्या पोरांना पूल शिकवतोय. आठवड्यातून दोन तास, शनिवारी सकाळी.

पहिला तास पार आपटला. मी फळ्यावर ट्रस, म्हणजे पुलाचा त्रिकोणी जोडांचा सांगाडा, काढला, जॉइंटला बाण काढले, आडव्या बलांची बेरीज शून्य, उभ्या बलांची बेरीज शून्य. कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजात आपल्याला जसं शिकवलं तसंच. तू तेव्हा शेवटच्या बाकावर काय करायचास ते आठव. तीस पोरं तेच करत होती. तासानंतर एकाने विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटल्यावर त्याने इतक्या मोकळेपणाने वही मिटली की मला राग सुद्धा आला नाही.

मग माझ्या भाच्याने 'ब्रिज डिझायनर' हा कॉम्प्युटर प्रोग्रॅम दाखवला. तू स्टाडसारख्या मोठ्या डिझाइन सॉफ्टवेअरवाला माणूस, तुला खेळणं वाटेल. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत स्टीफन रेसलर म्हणून कर्नल आणि सिव्हिलचे प्राध्यापक होते, मूळ काम त्यांचं. २००२ साली अकादमीला २०० वर्षं झाली, तेव्हापासून शाळेच्या मुलांसाठी ह्याच प्रोग्रॅमवर देशभरची स्पर्धा व्हायची. २०१६ नंतर ती थांबली, प्रोग्रॅम मात्र फुकट मिळतो. समोर दरी, दोन काठ, वर रस्ता. तुम्ही जॉइंट टाकायचे, त्यांच्यामध्ये मेंबर, म्हणजे सळया किंवा पाइप, जोडायचे, प्रत्येकाचं स्टील, जाडी, भरीव की पोकळ ते ठरवायचं, आणि बटण दाबलं की ट्रक येतो. पूल टिकला तर ट्रक पलीकडे. नाही टिकला तर ट्रकसकट सगळं खाली. पहिला ट्रक खाली गेला तेव्हा जी आरोळी उठली, ती ऐकून मुख्याध्यापक धावत वर आले.

शाळेत आठ कॉम्प्युटर, त्यातले सहा चालतात. एकेकावर पाच-पाच डोकी. त्याचा फायदाच झाला म्हण, कारण माउस एकाच्या हातात आणि भांडण पाच जणांत, त्यामुळे जो तो आपलं म्हणणं तोंडाने मांडतो. आपण ऑफिसात हे कधी केलं?

ट्रक पुलावर चढला की दाब सोसणारे मेंबर लाल होतात आणि ताण सोसणारे निळे. जितका भार जास्त तितका रंग गडद. ह्या रंगांनी माझं एका महिन्याचं काम एका सकाळी केलं. वरचा कॉर्ड, म्हणजे वरची आडवी रांग, लाल, खालचा निळा, आणि तिरक्यांतले काही मेंबर ट्रक पुढे सरकताना रंग बदलतात, हे पोरांनी मला दाखवलं. वर्गातली भाषाही तयार झालीये. "सर, ह्याला टेन्शन आलंय." "मग आराम आहे त्याला, टेन्शनवाला वाकत नाही." उभ्या महाराष्ट्रात टेन्शन आल्यावर आराम पडणारी ही एवढीच जागा असेल.

लालवाल्याला पोकळ पाइप का परवडतो आणि निळ्याला भरीव सळई का पुरते, हे मात्र पडद्यावर पटेना. म्हणून घरून खराट्याच्या हिरा, म्हणजे काड्या, नेल्या. हीर दोन्ही टोकांना धरून ओढ, तुटत नाही. तीच किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर उभी धरून वरून बोटाने दाब, लगेच कमान होते. तीस सेंटिमीटरची हीर पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास वाकली. तीच निम्मी तोडली. वाकायला किती लागेल? सगळ्यांचं उत्तर, दुप्पट. काटा एकशे सत्तरपर्यंत गेला. हीर एका टोकाला जाड असते, पोराचं बोट थरथरतं, हे सगळं धरूनही जवळजवळ चौपट. लांबी निम्मी की वाकायला चौपट भार, हे सूत्र देणाऱ्या ऑयलर ह्या गणितज्ञाचं नाव मी त्यानंतर फळ्यावर लिहिलं. खरं सांगतो, सदतीस वर्षं ते सूत्र वापरलं, पण बोटाला जाणवलं त्या दिवशी. पुढच्या शनिवारी तीन गटांनी आपल्या पुलात लांब लाल मेंबरच्या मधोमध जॉइंट देऊन तो आधाराने बांधून टाकला होता. कुणी सांगितलं नव्हतं.

आता पुढची गंमत. प्रोग्रॅम प्रत्येक पुलाची किंमत डॉलरमध्ये काढतो. स्टीलचे पैसे वजनावर, जॉइंटचे नगावर, जितकी वेगवेगळी मापं वापराल तितका जास्त खर्च, शिवाय साइटचा खर्च वेगळा. पोरांनी त्याचा स्कोअरबोर्ड केला. घरी मोबाइलवर हिशेब, मधल्या सुट्टीत चोरून प्रयोग. एक मुलगी आहे, बोलते कमी. तिचा पूल सगळ्यात स्वस्त. मी तक्ता उघडून पाहिला, तर क्षमतेशी भाराचं प्रमाण बहुतेक मेंबरांत ०.९५ च्या वर, दोन ठिकाणी ०.९९. तिने विचारलं, "एकच्या आत म्हणजे पास ना, सर?" प्रोग्रॅमच्या हिशेबाने पास. सुरक्षिततेचे गुणक आत धरलेलेच असतात. तरी मला कसंसंच झालं. तुलाही झालं असतं.

म्हणून त्या दिवशी कॅनडातल्या क्वेबेकच्या पुलाची गोष्ट सांगितली. सेंट लॉरेन्स नदीवरचा कॅन्टिलिव्हर पूल, म्हणजे दोन्ही बाजूंनी पुढे काढलेल्या हातांवर तोललेला. मधला गाळा आधी १६०० फुटांचा ठरला होता, तो १८०० केला, आणि पुलाचं स्वतःचं वजन नव्याने काढायचं राहून गेलं. खरं वजन जास्त आहे हे कळेपर्यंत बरंच काम झालेलं. सल्लागार थिओडोर कूपर, त्या काळातलं मोठं नाव, म्हणाले, चालून जाईल. मग खालच्या कॉर्डचे दाबातले मेंबर वाकलेले दिसू लागले. साइटवर वाद, की हे आधीपासूनच वाकडे होते. कूपरनी न्यूयॉर्कहून तार केली की आणखी वजन चढवू नका, पण ती साइटला नाही, पुलाचं स्टील बनवणाऱ्या फिनिक्सव्हिलच्या कारखान्याला. २९ ऑगस्ट १९०७, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, कामाची सुट्टी व्हायच्या थोडंच आधी पूल कोसळला. ७५ माणसं गेली. आमच्या प्रोग्रॅममध्ये मेंबर जाड केला की त्याचं वजन आपोआप हिशेबात येतं. तिथे ते माणसांनी धरायचं होतं.

वर्ग गप्प. मग मागून एक जण, "पण तार साइटवर का नाही केली?"

मला उत्तर सुचलं नाही. तुला सुचलं तर कळव.

आणि मग जे व्हायचं ते झालंच. महाडच्या पोरांसमोर पूल पडायची गोष्ट काढली की ती इथल्या सावित्री नदीवर येऊन थांबणार. २ ऑगस्ट २०१६ ला ही सगळी शिशुवर्गात असतील, पण घराघरात ती रात्र सांगितली जाते. ब्रिटिशांच्या वेळचा, १९२८ चा दगडी पूल, पुरात गेला. दोन एसट्या आणि इतर गाड्या अंधारात नदीत. शेजारचा नवा पूल उभाच होता. एकाने विचारलं, "सर, दगडी कमानीत निळं काय असतं?" बघ, काय प्रश्न आहे! मी म्हटलं, काहीच नाही, चांगली कमान सगळी लालच. दगडाला दाब चालतो, ताण चालत नाही. "मग ती ट्रकने पडलीच नसती." नसती. जवळजवळ नव्वद वर्षं त्यावरून काय काय गेलं. मी मग पुराचं पाणी खांबाच्या पायथ्याशी भोवरे करून तळ कसं उकरतं, ते बादलीभर वाळूत वीट उभी करून आणि नळी सोडून दाखवलं. वीट न फुटता आडवी झाली.

ती कमी बोलणारी मुलगी बादलीकडे बघत म्हणाली, "प्रोग्रॅममध्ये नदी आहे, पण ती चढत नाही."

नंद्या, २०२१ च्या जुलैत ह्या पोरांनी घराच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी पाहिलंय. त्यांना हे सांगायला माझी गरज नव्हती.

पुढच्या शनिवारी ती एक कागद घेऊन आली. तिच्या वाडीतून शाळेच्या वाटेवर एका पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, लोखंडी साकव, छोटा पायपूल, आहे. तिने भावाला टेप धरायला लावून तो मोजला होता. नऊ मीटर वीस. आडवे अँगल, तिरके अँगल, सगळे काढलेले, आणि शिसपेन्सिलने 'लाल', 'निळा' असं लिहिलेलं. एक तिरका उलटा रंगवला होता, बाकी बरोबर. प्रोग्रॅममध्ये आपल्या मनाचं माप टाकायची सोय नाही म्हणून तिने हातानेच केलं. शेवटी खालच्या दोन अँगलभोवती गोल करून विचारलं होतं: "हे खालून गंजलेत, बोटाने पापुद्रे निघतात. ह्या हिशेबात गंज कुठे टाकायचा?"

मी तो कागद घेऊन वर्षानुवर्षं पुलाच्या फाइली पाहिलेला माणूस, खुर्चीत बसलो. कुठल्याही फाइलीत कुणी बोटाने पापुद्रे काढून पाहिले नव्हते. मग आम्ही दोघांनी बसून अँगलची उरलेली जाडी अंदाजाने धरून हिशेब केला. सहा मिमीचे चार धरले. निळे आहेत म्हणून अजून तग धरून आहेत. लाल असते तर माझी झोप उडाली असती. ग्रामपंचायतीला पत्र दिलंय, तिच्याच अक्षरात, खाली माझी सही. उत्तर अजून नाही. तोवर ती आणि तिचा भाऊ लांबच्या वाटेने येतात, पंधरा मिनिटं उशिरा, आणि मी हजेरी शेवटी घेतो.

तुझ्याकडे एक काम. तुमच्या ऑफिसात ती पत्र्याची जाडी मोजायची अल्ट्रासॉनिक गेज असते ना, जुनी, कुणी वापरत नाही ती? आठवड्यासाठी मिळाली तर बघ. जेल आणि बॅटरीसकट पाठव, इथे मिळत नाही. आणि गणपतीला ये. पुण्याहून ताम्हिणीने ये, वरंधा पावसात धड नसतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बापू