बेलीफच्या मुलीस

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर वैतागून म्हणालीस, "कायद्याचं पुस्तक इंग्रजी, मग हे एस्टॉपेल, मॉर्गेज, टॉर्ट असले शब्द कुठले?" फ्रेंच गं. ज्या नोकरीवर आपलं घर चाललं तो 'बेलीफ' आणि मी बत्तीस वर्षं बजावलेली 'समन्स', तीही फ्रेंचच. मला पाहून पटापट दारं लावणाऱ्यांना हे कुठलं ठाऊक! मलाही रिटायर झाल्यावर वाचनालयात कळलं.

1066 साली फ्रान्सकडच्या नॉर्मंडीचा विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडच्या गादीवर बसला. जमिनी त्याच्या सरदारांना मिळाल्या. वाड्यात फ्रेंच, शेतावर नि गोठ्यात इंग्रजी. म्हणून आजही तिकडे गोठ्यातली गाय 'काऊ' आणि ताटात आली की 'बीफ'. चाळिशी उलटल्यावर विल्यमने इंग्रजी शिकून पाहिली, पण जमली नाही.

त्याला नाही जमली, नातवंडा-पतवंडांना आपसूक आली. दाई इंग्रज, मोतद्दार इंग्रज, पुढे बायकाही इंग्रज. 1170 च्या दशकात राजाचा खजिनदार लिहितो की लग्नं इतकी मिसळली आहेत की स्वतंत्र माणसांत इंग्रज कोण आणि नॉर्मन (नॉर्मंडीहून आलेला) कोण, सांगता येत नाही. त्यात 1204 मध्ये जॉन राजाने नॉर्मंडी गमावली. दोन्हीकडे जहागिरी ठेवणं अवघड झालं, आणि जे इंग्लंडात राहिले ते इथलेच झाले.

मला सगळ्यात आवडला तो एसेक्सचा वॉल्टर ऑफ बिब्सवर्थ. तेराव्या शतकाच्या मध्याला या सरदाराने एका उमराव बाईंसाठी पद्यात पुस्तक लिहिलं, मुलांना फ्रेंच शिकवायला! ओळींच्या मधे बारीक अक्षरांत इंग्रजी अर्थ. ओठ, ससा, पौंड आणि पुस्तक यांचे फ्रेंच शब्द कानाला जवळपास सारखेच लागतात, ते पोरांनी गोंधळू नयेत म्हणून केवढा खटाटोप. आता तूच बघ, आईची भाषा असती तर ससा नि ओठ शिकवायला पुस्तक लागलं असतं का? कुणी फर्मान काढलं नव्हतं. फ्रेंच घरातून उठून शिकवणीत जाऊन बसली होती, एवढंच.

कोर्टाला हे कळायला आणखी शंभर वर्षं लागली. घरातली गोष्ट कोर्टाला नेहमीच शेवटी कळते, हे मी अनुभवाने सांगतो. 1362 चा कायदा म्हणतो, फ्रेंच लोकांना कळत नाही, आपल्या बाजूने नि विरुद्ध काय बोललं जातंय ते पक्षकाराला उमगत नाही, म्हणून खटले इंग्रजीत चालवा. आणि हा कायदा लिहिलाय फ्रेंचमध्ये! हसू आलं, पण त्या पक्षकाराला मी ओळखतो. समन्स हातात घेऊन "साहेब, यात काय लिवलंय?" विचारणारा तोच. मी ओट्यावर बसून वाचून दाखवायचो, मग सही किंवा अंगठा घ्यायचो.

1399 मध्ये चौथ्या हेन्रीने पार्लमेंटात गादीवरचा हक्क इंग्रजीत सांगितला. वकील मात्र आपली फ्रेंच सोडेनात. 1631 साली सॉल्सबरीला एका कैद्याने न्यायाधीशावर विटेचा तुकडा भिरकावला, तो थोडक्यात हुकला. टिपण फ्रेंचमध्ये, पण लिहिणाऱ्याला विटेच्या तुकड्याला फ्रेंच शब्द सुचला नाही. त्याने सरळ 'ब्रिकबॅट' लिहिलं, आणि 'थोडक्यात हुकला' हेही इंग्रजीतच. कैद्याचा हात तोडून त्याला फाशी दिलं, ते वेगळं.

मॉर्गेज म्हणजे 'मेलेलं तारण'. परीक्षेत अर्थ विचारला तर लिहून टाक. आईने शेंगदाण्याची चटणी एस.टी.च्या पार्सलने पाठवली आहे, शिवाजीनगरला उतरवून घे.

तुझा,
बाबा