मनीऑर्डरचा कोरा कोपरा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, गुडघा कसा आहे? रोज फोनवर बोलतोच, पण हे सांगताना गळा दाटून येईल, म्हणून लिहायला बसले.

या महिन्यापासून एका मुलीच्या शिक्षणाचा खर्च मी उचललाय. आठवीत आहे, आई-वडील नाहीत, बालगृहात राहते. तिचं नाव मला ठाऊक आहे, माझं तिला नाही. ही अट मीच घातली. ती मी कुठून शिकले, हे तुम्हाला सांगायला नको.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होते. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं झोपलेली, आणि दगडमातीच्या जाड भिंती, वरचं माळवद, सगळं त्यांच्या अंगावर आलं. सोलापुरात आपणही पांघरुणासकट रस्त्यावर आलो होतो. त्यानंतर काही महिन्यांनी तुमची मनीऑर्डर सुरू झाली. तिकडच्या एका पोरक्या मुलासाठी दर महिन्याला 200 रुपये, वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या नावाने. पैसे कोण पाठवतं ते त्याला कळू द्यायचं नाही, असं बाबांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पोस्टाच्या कमिशनचे वरचे 10 रुपये आईच्या फॉल-पिकोच्या डब्यातून यायचे, सगळी नाणी. ती मी मुठीत घट्ट धरून न्यायचे. आई, कुणाला कळलं असतं तर नाव बाबांचंच झालं असतं. पण महिनाअखेरीला आमटी किती वाढवायची, ते तू बघत होतीस.

त्या वर्षी मला सायकल मिळायची होती, ती राहिली. मी दोन दिवस अबोला धरला होता. आज एक कबूल करते. फॉर्मच्या तळाशी निरोपाची जागा असायची, बाबा ती कोरीच सोडायचे. एकदा पोस्टाच्या रांगेत मी रागारागाने तिथे लिहायला गेले आणि लिहून बसले, ‘तुला सायकल येते का?’ परतीच्या पावतीवर अधीक्षकांची सही तेवढी आली. पुढे तो दहावी झाला, मनीऑर्डर थांबली, उत्तर राहूनच गेलं.

आता पैसे ऑनलाइन जातात. पावतीवर नाव आणि पॅन नंबर येतोच, पण तो कागद ऑफिसात राहतो. बाबा, एक गोष्ट मात्र मी वेगळी करणार आहे, रागावू नका. दहावीवर थांबणार नाही. 18 पूर्ण झाली की या मुलांना बालगृह सोडावं लागतं. पुढे अठरा ओलांडलेल्यांसाठीच्या अनुरक्षण गृहात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर ज्याचं त्याने बघायचं. नेमका तेव्हाच हात सोडायचा, हे मला पटत नाही. तुमची तेव्हा किती ओढाताण होती ते मी पाहिलंय. पण तो मुलगा दहावीनंतर कुठे गेला असेल, हे अजून मनातून जात नाही. हिची पदवी होईपर्यंत मी पैसे पाठवणार.

परवा अधीक्षिकाबाईंचा फोन आला होता. शाळा तीन किलोमीटरवर आहे, मुली चालत जातात म्हणाल्या. मी विचारलं, तिला सायकल येते का? ‘विचारून सांगते’ म्हणाल्या.

तुमची,
ताई