कणकवलीच्या कॉम्प्युटरवाल्या काकांना जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

दुकानात येऊन आभार मानले तर तुम्ही "अगो, त्यात काय इतक्या" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळणार, हे मला माहीत आहे. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. वाचणाऱ्यांसाठी सांगते, देवगडला माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कॉम्प्युटर एकच, सातव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, आठ जीबी रॅमचा (रॅम म्हणजे चालू कामापुरती मेमरी). घर त्याच्यावर चालतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मी तुमच्याकडे आले तेव्हा चारी बाजूंनी एकच ऐकत होते, नवीन घे. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मोफत सुरक्षा अपडेट, संपत होता, माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नव्हता आणि मशीन इतकं रखडत होतं की सातबारा काढायला आलेला माणूस चहा पिऊन परत यायचा. नव्या मशीनचे पैसे नव्हतेच. निदान रॅम तरी वाढवावी म्हणून सीपीयू चादरीत बांधून एसटीने कणकवलीला आणला.

तुमच्या काउंटरच्या काचेखाली रॅमची पाकिटं मांडलेली होती. एक काढून लावून दिली असती तर मी आनंदाने पैसे मोजले असते. तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत आणि म्हणालात, गर्दीच्या दिवशी जे जे उघडतेस ते सगळं उघड. मी ब्राउझरच्या खिडक्या, लग्नपत्रिकेची फाइल, स्कॅनर, सगळं चालू केलं. मग टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनचा कुठला भाग किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून तुम्ही दोन ओळींवर बोट ठेवलंत. मेमरी, म्हणजे रॅम, निम्म्याच्या थोडी वर, आणि फाइली साठवणारी डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. रॅम दुप्पट केली असती तरी ती दुसरी ओळ हलली नसती.

त्यानंतर तुम्ही डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवलात. पिवळा चौकोन, त्यात 'कॉशन', म्हणजे सावध. खराब झालेल्या जागा डिस्क स्वतःच बाजूला काढून राखीव जागा वापरते, त्यांचा आकडा एका ओळीत. ज्या जागा वाचताना अडखळते आहे त्यांचा दुसऱ्या ओळीत. दोन्ही आकडे शून्य हवेत, आणि माझे नव्हते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ही डिस्क आजच बदल. रॅमचा मगे बघूया."

त्या हार्ड डिस्कवर पंचक्रोशीतल्या लग्नपत्रिका होत्या, मंडळांचे अहवाल होते, लोकांचे स्कॅन केलेले कागद होते. कीबोर्ड, माऊस, पंखा किंवा रॅम गेली तर दुसरी आणता येते आणि काम पुढे चालू होतं. डिस्क गेली तर दुकानात दुसरी मिळते, तिच्यावरचं मिळत नाही. म्हणून बाकीचं बंद पडेपर्यंत वापर, पण डिस्क चालू असतानाच बदल, हा तुमचा हिशेब. तुम्ही साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, लावलीत, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवलंत आणि बॅकअपसाठी बाहेरून लावायची वेगळी डिस्क घ्यायला लावलीत. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्ट खात्यावरून नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा अपडेटची सोय करून दिलीत. मशीन तेच आहे, आणि सातबाऱ्याचं गिऱ्हाईक आता काउंटरशी उभं असतानाच प्रिंट निघते.

पुढे रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि आपल्यासारख्यांच्या कॉम्प्युटरची रॅम काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेली. क्रुशिअल नावाने सामान्य ग्राहकांना विकला जाणारा माल बंद करत असल्याचं मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने ३ डिसेंबर २०२५ ला जाहीर केलं. मुंबईच्या चुलतभावाने फोन करून मला हळहळ ऐकवली, तेव्हाच घेतली असतीस तर! मला जराही हळहळ वाटली नाही, काका. ज्या रॅमचं माझ्या मशीनला काम नव्हतं, ती स्वस्तात घेऊनही पैसे अडकलेच असते. तेच पैसे डिस्कमध्ये गेले. तुम्ही २०११ ची गोष्ट सांगितली होतीत ती आठवली. थायलंडच्या पुरात हार्ड डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलचे कारखाने बुडाले आणि हार्ड डिस्कचे भाव आभाळाला भिडले. ज्याची डिस्क मरायला टेकली होती त्याने महागात घेतली आणि बरोबर केलं; ज्याची धड होती तो थांबला, त्यानेही बरोबर केलं. भाव बघायचा, पण आधी स्वतःचं मशीन बघायचं.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारायला शिकवलीत. आज घेतलेला पार्ट पुढच्या मशीनमध्ये जाईल का? एसएसडी जाईल, मॉनिटर जाईल, चांगला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बहुधा जाईल. आधीच्या पिढीची डीडीआर-फोर रॅम मात्र नव्या पिढीच्या डीडीआर-फाइव्हच्या मदरबोर्डात बसणारच नाही. नवा बोर्ड आणखी वर्ष-दोन वर्षांत घ्यायचा असेल, तर जुन्या बोर्डात किती पैसे ओतायचे याला इथेच लगाम बसतो.

आमच्या किनाऱ्याचं दुखणं वेगळं, तेही तुम्ही ओळखून आहात. खाऱ्या वाऱ्याने कॅबिनेटचे स्क्रू वर्षभरात तांबूस होतात, यूएसबीच्या तोंडावर पांढरट बुरा चढतो. ऐन पावसात स्क्रीन काळी पडून नुसता बीप वाजत राहिला, तेव्हा जवळच्या एकाने मदरबोर्ड गेला असं सांगून खर्चाचा मोठा आकडा सांगितला होता. तुम्ही रॅमची पट्टी काढून उजेडाकडे धरलीत. सोनेरी दातांवर मळकट थर होता. मुलांचा खोडरबर घेऊन तुम्ही तो हलक्या हाताने घासलात, रबराचा चुरा फुंकरीने नाही तर कोरड्या ब्रशने झटकलात, कारण फुंकरीत ओल असते. स्लॉट साफ केलात. मशीन सुरू झालं. त्याच बैठकीत बोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी बदललीत. घड्याळ मागे पडत असल्यामुळे सरकारी साइटी 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत होत्या, आणि मी इंटरनेटवाल्यांना बोल लावत होते. रुपये घेतलेत दोनशे, त्यात बॅटरीसुद्धा.

यूपीएसची बॅटरी मे महिन्याच्या शेवटी घ्यायची, त्याआधी घेऊन ठेवायची नाही आणि तिच्यावरची तारीख बघून घ्यायची, कारण लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते. हेही तुमचंच. वीज जाऊन-येऊन करण्याचे दिवस सुरू होतात तेव्हा ती ताजी हवी. निकाल आणि प्रवेशाच्या तोंडावर चालत्या मशीनला हात लावायचा नाही, तेही मी पाळते. प्रिंटर आणि मॉनिटरला दसरा-दिवाळीपर्यंत थांबते, कारण त्यांच्यावाचून काही नासत नाही.

तुमच्या त्या दिवसाच्या गल्ल्यात माझ्यामुळे काय पडलं असेल याचा विचार मी केला आहे. विकता आलं असतं ते तुम्ही विकलं नाहीत. एवढंच नाही, माझ्यासमोर मोजून दाखवलंत, म्हणून आता मला मोजता येतं. गेल्या महिन्यात शेजारच्या शिंपीणताई मुलाच्या कॉम्प्युटरला रॅम घ्यायला निघाल्या होत्या. मी आधी टास्क मॅनेजर उघडायला लावला. तिथे मेमरी खरोखरच काठोकाठ भरलेली होती, चारच जीबी. त्यांना मी तुमच्याकडे पाठवते आहे. त्यांचा बोर्ड डीडीआर-थ्रीचा आहे, तेव्हा जुनी पण तपासलेली पट्टी मिळाली तर बघा.

माझा एसएमपीएस हल्ली गुरगुरतो आहे. वीज कडाडायला लागायच्या आत घेऊन येते.

कळावे, लोभ आहेच.

आपली,
देवगडची झेरॉक्सवाली