आई, पडलीस तर सांगत जा

आई, नाना,

फोनवर हा विषय काढला की आई "बरं बरं, जेवलीस का" म्हणून भलतीकडेच नेते आणि नाना गुपचूप फोन तिच्याच हातात देतात, म्हणून आता लिहूनच पाठवतेय. नाना, मोठ्याने वाचून दाखवा, आणि तुमच्यावरचं पण वाचा, गाळू नका.

धाब्याच्या जिन्यावरून आई घसरली हे मला वहिनीने सांगितलं. बिबडे वाळत घालायला चढली होती म्हणे, मनगट सुजलं, हळद लावली आणि घरभर ताकीद दिली की पोरीला कळू द्यायचं नाही. मी विचारलं तर "माले काही व्हत नही". आई, पडलीस याचं टेन्शन आलंच, पण लपवलंस याचा जास्त राग आला. एकदा पडलेलं माणूस परत पडायची शक्यता जास्त असते, म्हणून तर डॉक्टर म्हाताऱ्या पेशंटला विचारतात की वर्षभरात कधी पडलात का, आणि तिथं तू नाही म्हणालीस की पुढची तपासणीच राहून जाते.

तू का लपवतेस ते मला माहितीय. सांगितलं की आम्ही म्हणणार वर चढू नको, पापड-बिबडे विकत आणू. तर आधीच सांगते, मी तसं म्हणणार नाहीये. पडायच्या भीतीने माणूस खाटेला चिकटून बसलं की मांड्यांची ताकद जाते, तोल जातो आणि मग ते जास्तच पडतं. तू चढ, फक्त जिन्याला रेलिंग आणि बल्ब लागू दे, आणि एका हातात पाटी घेऊन चढायचं बंद कर.

आपल्याकडे कोणी वारलं आणि दारावर भेटायला गेलं की ऐकू येतंच ना, "पडल्याचं निमित्त झालं हो, मग उठलेच नाहीत". निमित्त कसलं, खुबा मोडला होता! खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांत पाचातलं एक तरी वर्षभरात जातं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच नंबर. आणि आपण त्याला वय झालं म्हणून सोडून देतो.

आई, तुझी साडी हल्ली पायात येते ना? मला वाटतं तुझी उंचीच कमी झालीय. पाळी गेल्यावर बाईचं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि हाडं भराभर विरळ व्हायला लागतात, दुखत काही नाही, मणके हळूहळू दबतात, ते पण फ्रॅक्चरच असतं पण बऱ्याचदा कळतच नाही. त्यासाठी डेक्सा म्हणून हाडांची घनता मोजायची तपासणी असते, झोपवून करतात, सुई नाही काही नाही. त्यात टी-स्कोअर, म्हणजे तरुण माणसाच्या हाडांच्या मानाने आपली हाडं किती विरळ झालीत त्याचा आकडा, उणे २.५ किंवा त्याच्याही खाली आला तर हाडं ठिसूळ झालीत असं धरतात, आणि त्यावर औषधं आहेत, आठवड्याला एक गोळी असते, वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शनसुद्धा असतं. मेडिकलवाल्याच्या कॅम्पात टाचेला मशीन लावून जी चिठ्ठी दिली ना, तिच्यावर काही ठरवायचं नाही.

आता नाना. पुरुषांची हाडं पण झिजतात, फक्त कोणी बघत नाही. रात्री शेतातली लाईट आली की तुम्ही बीपीची गोळी घेतलेलं माणूस ताडकन उठून मोटर चालू करायला निघता, झटक्यात उठल्यावर बीपी खाली येतं आणि चक्कर येते. आधी खाटेच्या काठावर दोन मिनिटं बसा, मग बॅटरी घ्या, आणि ती गुळगुळीत झालेली स्लीपर फेकून द्या हो. आणि गुडघ्यासाठी त्या माणसाकडून आणता त्या बिननावाच्या पुड्या बंद. अशा पुड्यांमध्ये कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं, दुखणं लगेच थांबतं म्हणून गुण आला वाटतो आणि आत हाडं पोखरली जातात.

खाण्याचं फार सांगत नाही, आईपुढे मी काय सांगणार. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि तू दूध फक्त चहात घालतेस, तर कळण्याच्या भाकरीबरोबर तिळाची चटणी आणि वाटीभर दही रोजचं ठेव. गंमत म्हणजे आपल्या जळगावात ४५ डिग्री ऊन असूनसुद्धा लोकांचं व्हिटॅमिन डी कमी निघतं, कारण उन्हाळ्यात सगळे घरात आणि बाहेर पडलं की डोक्यापासून पदर. पण म्हणून शेजारणीचे डीचे सॅशे आणून मनाने खाऊ नका, ते जास्त झालं तरी त्रास होतो.

आखाजीला येतेय, त्याच आठवड्यात दोघांची डेक्सा करून घेऊ, पैशांवरून भांडायचं नाही. नाना, तुम्हाला सत्तर पूर्ण झाली, आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचा दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च त्यात बसतो. मोरीतलं शेवाळ दादाकडून घासून घ्या, तिथं धरायला भिंतीत दांडी पण बसवायचीय. मिस्त्रीशी मी बोललेय, रविवारी माप घ्यायला येईल, त्याला "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून परत पाठवू नका.

तुमची,
छोटी