विरंगुळा केंद्राची वर्गणी, ३१ मार्चच्या आत
मंडळी नमस्कार, वर्गणी अजून बऱ्याच जणांची यायचीय. जागा महापालिकेची असली तरी लाईटबिल, पेपर, चहा, झाडूवाल्या मावशींचा पगार हे सगळं आपणच भागवतो, अनुदान येईल तेव्हा येईल, त्यावर पंखे फिरत नाहीत! ३१ मार्चला हिशोब बंद करून वह्या ऑडिटला द्यायच्यात, म्हणून प्लीज त्याआधीच द्या. वर्गणीवर टॅक्सची सूट नसते, वेगळी देणगी दिलीत तर ८०जी ची (टॅक्स सवलतीची) पावती मिळेल, पण २००० रुपयांच्या वर कॅश नको, चेक किंवा यूपीआयच करा, नाहीतर सूट मिळत नाही, आणि तीही जुन्या टॅक्स रिजीमवाल्यांनाच. ज्यांना जमत नसेल त्यांनी खजिनदारांना हळूच सांगा, कॅरमला मात्र यायचंच.